मागून येणारे मास्तर

आमच्या ड्रिल मास्तरांचा चेहरा मला नीट आठवत नाही असं म्हटलं, तर तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याची स्मरणशक्ती गेली. ती ठणठणीत आहे. काही वर्षं मी जवळजवळ रोज पहाटे त्यांच्याबरोबर होतो, पण त्यातला बहुतेक वेळ ते माझ्या मागे होते. पुढे मी पळतोय आणि मागून त्यांची सायकल येतेय. साखळीला तेल घालायला त्यांना जन्मात सवड झाली नाही, त्यामुळे ती सायकल कर्र-कर्र करत यायची. आजही बाजारात कुणाची जुनी सायकल तशी वाजत मागून आली, की माझे खांदे आपोआप सैल पडतात.

खांद्यांचं कारण असं की मास्तर मागून जे बोलायचे त्यातलं निम्मं खांद्यांबद्दल असायचं. "खांदे," एवढंच. त्याचा अर्थ खांदे वर चढलेत, खाली सोड. त्यांच्या मते माणूस थकला की पाय नंतर सांगतात, खांदे आधी चुगली करतात, आणि खांदे मागूनच दिसतात.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात तेव्हा पळण्यासाठी गोल आखलेलं मैदान नव्हतं. शाळेच्या मैदानावर गाई बसायच्या आणि त्यांना उठवायची आमची छाती नव्हती. म्हणून आम्ही रस्ते धरायचो. सोपा दिवस असला की लालबर्र्याकडचा सपाट रस्ता, आणि मास्तरांचं डोकं फिरलेलं असलं की बैहरचा घाट. घाटात आम्ही पळत चढायचो आणि मास्तर सायकल हातात धरून मागून चढायचे. चढ संपेपर्यंत त्यांचीच छाती भात्यासारखी चाललेली असायची, पण हुकूम थांबायचे नाहीत.

शाळेत बाकी सगळे त्यांना माटसाब म्हणायचे. आम्ही मराठी घरांतली मुलं मास्तर म्हणायचो. राज्य बदललं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, शाळेचा कारभार हिंदीत चालू लागला, तशी मास्तरांनीही आपल्या बोलण्याची वाटणी करून टाकली. हुकूम इंग्रजीत, राग हिंदीत आणि काळजी मराठीत. "अटेंशन" ऐकलं की आम्ही ताठ व्हायचो, "अबे नालायक" ऐकलं की पळायचो, आणि "काहून रे, जेवला नाही का?" असं ऐकू आलं की समजायचं आज आपलं तोंड उतरलेलं आहे. पण ते तोंड त्यांनी पाहिलेलं नसायचं. चालीवरून ओळखलेलं असायचं.

कारण धावणाऱ्याच्या समोर यायचं नाही, हा त्यांचा नियमच होता. दुसऱ्या शाळांचे मास्तर शर्यतीच्या शेवटी दोरीपाशी उभे राहून ओरडायचे. आमचे सुरुवातीच्या रेघेपाशी उभे राहून आमच्या पाठी पाहायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "तोंड पाह्यलं का दया येते. दया आली का गडी गेला."

आम्हाला वाटलं ही शिकवण आहे. म्हणजे मास्तर लोकांनी कसं कठोर असावं याचा धडा. मी तो पुढे स्वतः बऱ्याच जणांना ऐकवलाही.

दुखण्याबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं. लांबच्या धावेत एक वेळ अशी येते की पोटऱ्या पेटतात, बरगडीखाली कळ उठते, आणि सगळं अंग एकमतानं सांगतं की आता बस. मास्तर त्या वेळेला जवाई, म्हणजे जावई, म्हणायचे. "जवाई येईनच. न सांगता येईन. तो आला का आरडाओरडा नाही करायचा, अन् त्याच्या पायाही पडायचं नाही. पाणी विचारायचं, बसा म्हणायचं, अन् आपल्या कामाले लागायचं. जेवायले बसवला का मुक्काम ठोकते." मग घाटाच्या मध्यावर मागून सवाल यायचा, "जवाई आले का रे?" आम्ही धापा टाकत म्हणायचो, "हौ, मास्तर." "पाणी विचारलं?" "विचारलं." "मंग चाल." हा संवाद ऐकून बैहरच्या बसमधले लोक खिडकीतून माना काढून बघायचे. एका ड्रायव्हरचा तर समज झाला होता की आमच्यापैकी कुणाचं तरी लग्न ठरलंय.

दुसरा प्रकार पाण्याचा. वैनगंगेच्या काठावर आम्हाला ओळीनं उभं करून प्रत्येकाच्या तोंडात घोटभर पाणी भरायला लावायचे. ते पाणी न गिळता, न सांडता शाळेपर्यंत पळत न्यायचं. शाळेच्या लिंबाखाली मागून "टाक" म्हटलं की टाकायचं. जमिनीवर ओल किती पडली यावरून ते ओळखायचे. "प्यायला लेका," असं एकदा म्हटलं की त्या गड्याला परत नदीवर जावं लागायचं. मला वाटतं यात नाकानं श्वास घ्यायची सवय लागावी असा काही हेतू असावा. मास्तरांचं स्पष्टीकरण निराळं होतं. "तोंडात पाणी असलं का माणसाले रडता येत नाही."

स्वतःच्या दुखण्याच्या बाबतीत तो माणूस खरोखर दगड होता. एका पहाटे घाटात आग्या मोहोळ उठलं. बाकीचे पोट्टे खाली नाल्यात पळाले. मास्तर सायकल सोडायला तयार नाहीत, कारण मी अजून रस्त्यावर होतो. "चाल बदलू नको, सरळ काढ," असं ओरडत ते माझ्या मागे राहिले आणि माझ्या वाटणीच्या माशाही त्यांनीच घेतल्या. दुसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद झालेले, ओठ फुगलेला, अशा अवतारात त्यांनी शाळेची परेड घेतली. "लेफ्ट राइट" म्हणताना "लेफ" एवढंच यायचं. हेडमास्तरांनी सुट्टी घ्यायला सांगितलं तर म्हणाले, "सुजलं तोंड आहे सर, पाय ठीक आहेत." दाढीसुद्धा ते आरशाशिवाय करायचे. हनुवटीवर कापल्याच्या खुणा रोज नव्या असायच्या.

हाच माणूस मुलीचे कान टोचायच्या दिवशी घरातून पळून गेला. मी त्या दिवशी त्यांच्याकडे होतो. त्यांच्या घरात चुलीपर्यंत जायला मला कुणी अडवलं नाही. आम्हाला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन थोडीच वर्षं झाली होती आणि त्या काळी ही सांगण्यासारखी गोष्ट होती, म्हणून सांगतो. सोनार आला, त्यानं तार काढली, पोर आईच्या, म्हणजे काकूंच्या, मांडीवर बसली, आणि काकू पाहतात तर मास्तर नाहीत. सायकलही नाही. दिवेलागणीला परत आले ते लालबर्र्याहून. तिथं काय काम होतं ते त्यांनाही सांगता येईना. काकू भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "पोरीनं कान टोचून घेतले, अन् धनी लालबर्र्याले टोचून आले." आम्ही हसलो. मास्तरही हसले. मला त्यातून काही समजायला हवं होतं, पण हसण्यातच ते निघून गेलं.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

माझे बाबा मँगनीजच्या खाणीत होते. संध्याकाळी ते घरी आले की अंगावरची काळी धूळ धुवायला दोन बादल्या लागायच्या, आणि तरी नखं काळीच. त्यांचं माझ्याकडे एकच मागणं होतं. "तू तिथं नोको उतरू." मॅट्रिकला मी गणितात आपटलो होतो, तेव्हा दुसरी वाट म्हणजे पाय. जबलपूरला प्रांताची निवड व्हायची. दहा हजार मीटरमध्ये पहिल्या तिघांत आलं की राज्याच्या संघात घेत, आणि संघातल्या पोरांना पोलिसात जागा मिळे. हे मास्तरांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिघांत यायचं आणि खाण चुकवायची, याच्यासाठीच त्या वर्षीचा सगळा घाट होता.

छोट्या लाईनच्या गाडीनं आम्ही जबलपूरला गेलो. तिथलं मैदान पाहून मी हरखलो. चुन्यानं आखलेला गोल रस्ता, मधे हिरवं गवत, एका बाजूला पायऱ्या. पंचवीस फेऱ्या. मास्तरांनी रेघेपाशी माझ्या पाठीवर थाप मारली, "खांदे" म्हणाले, आणि मागे उभे राहायला म्हणून जागा शोधू लागले.

आणि इथंच आमचं चुकलं. असली चूक बालाघाटच्या माणसांनीच करावी. आमचं सगळं आयुष्य सरळ रस्त्यावर गेलेलं. सरळ रस्त्यावर मागे उभं राहिलं की माणूस पाठमोरा जातो तो जातो. गोल मैदानावर मागे अशी जागाच नसते. मास्तर जिथं उभे होते तिथून मी पाठमोरा गेलो खरा, पण दीड-दोन मिनिटांत पलीकडून फिरून त्यांच्याकडे तोंड करून येत होतो. त्यांनी जागा बदलली, तरी मी समोरून आलोच. आणि तोंडात पाणी नव्हतं. मी जबडा उघडा टाकून, डोळे तारवटून, दात दाखवत पळत होतो. लांब पळणारा प्रत्येक जण शेवटी तसाच दिसतो. दाखवायला काही नसतं, लपवायला ताकद नसते.

माझं स्वतःचं सांगायचं तर ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली धाव होती. जवाई आले होते, चांगले ऐसपैस बसले होते, मी त्यांना पाणी विचारून आपल्या कामाला लागलो होतो. पुढे एक फौजी जवान होता, तो माझ्या आवाक्याबाहेरचा. दुसरा मी. तिसरा बराच मागे. थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या, आणि मला पोलिसाची टोपी दिसत होती.

त्या वळणावर मास्तर पायऱ्यांवरून उतरले. मला वाटलं काही सांगायला आले. ते सरळ चुन्याची रेघ ओलांडून आत आले, हात पसरले आणि मला धरलं. घट्ट. मी त्यांच्या अंगावर आदळलो, दोघेही पडता पडता राहिलो. "पुरे बापा," ते म्हणत होते, "पुरे. चाल घरी. लय झालं."

"मास्तर, सोडा," मी म्हणालो. "मले काही नाही झालं. सोडा."

सोडेनात. रडत होते. तिसरा आमच्या बाजूनं गेला, मग चौथा गेला. दंडावर पट्टी बांधलेला पंच धावत आला आणि म्हणाला, "माटसाब, आपने तो लड़के को बाहर कर दिया." बाहेरच्या माणसानं धावणाऱ्याला हात लावला की तो बाद. हा नियम मास्तरांनीच मला शिकवला होता.

परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले. समोरचं बाकडं रिकामं होतं, तरी शेजारी. नैनपूरला उतरून पानाच्या द्रोणात पुरी-भाजी घेऊन आले. मी खाल्ली नाही. त्यांनीही नाही. द्रोण आमच्या मधे होता आणि त्यातलं तेल हळूहळू बाकड्यावर उतरत होतं.

मी रागावलो, आणि माझा राग वाजवी होता असं आजही म्हणतो. माझ्या हातातोंडाशी आलेली जागा माझ्याच माणसानं घालवली. कुणी दुखावून घालवली असती तर एक वेळ सोसलं असतं. ज्यानं सोसायला शिकवलं त्यालाच सोसवलं नाही, हे काही माझ्या गळी उतरेना. पुढच्या आठवड्यात मी बाबांबरोबर खाणीवर जायला लागलो. बाबा संध्याकाळी दोनाच्या जागी चार बादल्या पाणी काढू लागले.

काकू एकदा बाजारात भेटल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "बोलून नाही राह्यला म्हणे तू यायच्याशी."

"नाही."

"नोको बोलू. तुले राग असन तर असू दे." मग म्हणाल्या, "स्वतःचं काहीच दुखत नाही अन् दुसऱ्याचं पाहवत नाही, असा माणूस आहे तो. म्यां कान टोचायच्याच दिवशी ओळखलं होतं. असा माणूस पोट्ट्याईले पळवते, आता त्याले काय म्हणावं." आणि पिशवी उचलून गेल्या.

तरी पळणं सुटलं नाही. खाणीची पाळी सुरू व्हायच्या आधी मी एकटाच निघायचो. पावसाळा सरल्यावर एका पहाटे मी घाटाकडे पळत होतो. मागून कर्र-कर्र आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. आवाज पुढे आला नाही, मागेही पडला नाही, नेहमीच्या अंतरावर येत राहिला. चढ सुरू झाला तसा आवाज थांबला आणि चपलांचा आवाज सुरू झाला, म्हणजे सायकल हातात घेतली. बराच वेळ आम्ही दोघं तसेच चढत राहिलो. मग मागून एकच शब्द आला, "खांदे."

मी खांदे सोडले. झालं, आमचं भांडण तिथं मिटलं.

पुढच्या वर्षी पुन्हा जबलपूर. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही येऊ नका. ते म्हणाले, "येतो, पण मी पाहत नाही." आणि खरंच पाहिलं नाही. पायऱ्यांवर सगळ्यांत वरच्या ओळीत ते मैदानाकडे पाठ करून, बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून बसले. मी फेरीला त्या बाजूला आलो की मला त्यांची पाठ दिसायची. मला ती पाहायची सवय नव्हती. पाठ वाकलेली, दोन्ही खांदे कानांना लागलेले. एवढ्या धापेतही माझ्या मनात आलं, कुणीतरी या माणसाला सांगा, खांदे.

शेजारी एक शेंगदाणेवाला बसला होता. त्यानं नंतर मला सगळं सांगितलं. मास्तर त्याला दर थोड्या वेळानं विचारायचे, "वो हमारा वाला कौन से नंबर पे है?" त्यानं पाचवा म्हटलं की मान हलवायचे, चौथा म्हटलं की शेंगदाणे विकत घ्यायचे. शेवटच्या फेरीत त्यानं तिसरा म्हटलं तेव्हा त्यांनी टोपलीवर डोकं टेकलं. मी तिसरा आलो.

मी पायऱ्या चढून वर गेलो. नाकातून, तोंडातून सगळं वाहत होतं. त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. "मास्तर," म्हटलं, "झालं."

ते वळले नाहीत. रस्त्याकडे पाहतच म्हणाले, "आधी तोंड धुऊन ये."

मी नळावर जाऊन तोंड धुतलं, केस सारखे केले आणि परत आलो. तेव्हा कुठे ते वळले आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला जो काही आठवतो तो त्या वेळचा. हनुवटीवर ताजं कापलेलं होतं.

नोकरी लागली आणि मी बालाघाट सोडलं. सुट्टीत आलो की भेटायचो. सायकल तीच, साखळी तशीच. नव्या पोरांच्या मागे फिरत होते, नव्या पोरांनाही जवाई भेटत होते. मग एका वर्षी गावाकडून निरोप आला की मास्तर अंथरुणावर आहेत, पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. कित्येक महिने दुखत होतं म्हणे. कुणाला बोलले नाहीत.

मी रजा घेऊन गेलो. काकूंनी दार उघडलं. आत मास्तर भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडले होते. मी पलंगाला वळसा घालून त्यांच्यासमोर जायला लागलो, तर काकूंनी माझा हात धरला. "मांगंच बस, बापू," त्या हळू म्हणाल्या. "कोणालेच तोंड दाखवत नाही."

मी स्टूल ओढून त्यांच्या पाठीमागे बसलो. किती अंतरावर बसायचं ते मला माहीत होतं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी, मास्तर."

"सामोर नोको येऊ."

"नाही येत."

घरात काकूंच्या भांड्यांचा तेवढा आवाज होता. चादरीखाली त्यांचे खांदे वर चढलेले मला दिसत होते. मग मी विचारलं, "जवाई आले का?"

त्यांच्या आवाजात हसू आलं, अगदी थोडं. "हौ. सकायपासून बसून राह्यलेत."

"पाणी विचारलं?"

"विचारलं. जाऊन नाही राह्यले, बापा."

"बसू द्या," मी म्हणालो. "खांदे सोडा, मास्तर."

आणि त्यांनी सोडले. चादर खाली उतरली. मी दुपारभर तिथं बसलो. मधूनमधून खांदे वर चढायचे, मी "खांदे" म्हणायचो, ते सोडायचे. मला इतकं रडू येत होतं की एकदा वाटलं, उठून माठातलं घोटभर पाणी तोंडात धरावं.

ऊन उतरलं तसा मी उठलो. "येतो मास्तर," एवढंच म्हणालो, तेही जपून, आवाज साधा ठेवून. ते भिंतीकडेच पाहत होते. मी दारापर्यंत गेलो तेव्हा ते मागून म्हणाले, "आधी तोंड धुऊन घे. मंग जा."